पोपट होतो, वाट लागते, माती खातात : बोलीतले चालू शब्द नेमके वापरायचे कसे?

शब्दखिळा

चालू बोलीतल्या शब्दांच्या याद्या सगळीकडे फिरत असतात. पोपट म्हणजे फजिती, कल्टी म्हणजे पळ, लोचा म्हणजे अडचण. एका शब्दासमोर दुसरा शब्द ठेवला की काम संपलं. पण अशी यादी पाठ करून मराठी शिकणारा माणूस बोलायला लागला की पहिल्याच वाक्यात अडखळतो. 'मला पोपट झाला' म्हणतो, 'मी वाट लागलो' म्हणतो. अर्थ त्याला कळलेला असतो, वाक्य मात्र चुकतं.

माझ्या मते अशा प्रत्येक शब्दाच्या नोंदीत चार गोष्टी हव्यात: सोबत कोणतं क्रियापद येतं, माणसाला कोणती विभक्ती लागते, नेमक्या कोणत्या प्रसंगी शब्द बसतो आणि कुणासमोर चालतो. एक नमुना देतो.

पोपट. क्रियापद होणे किंवा करणे. माणसाला षष्ठी: 'त्याचा पोपट झाला', 'तिनं सगळ्यांचा पोपट केला'. बाई असो, दहा माणसं असोत, पोपट पुल्लिंगी एकवचनीच. 'आम्हा सगळ्यांचे पोपट झाले' असं कुणी म्हणत नाही. प्रसंग: आधी खात्री किंवा ऐट हवी, मग ती चारचौघांत फसायला हवी. लांबून कुणी हात हलवला, आपणही जोरात हलवला, आणि तो आपल्या मागच्याला बोलावत होता, हा पोपट. पाकीट हरवलं तर तो पोपट नाही, नुकसान आहे. घरात, मित्रांत, ऑफिसात चालतो. शिवी नाही.

असेच आणखी शब्द हवेत. प्रांत सांगा, वापर सांगा, चूक कुठे होते ते सांगा.

खाडीकाठ

न येण्याचे तीन शब्द घ्या. याद्यांमध्ये तिन्हींसमोर 'टाळणे' एवढंच लिहिलेलं असतं, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

दांडी मारणे: जिथे रोज जायचं ठरलेलं आहे तिथे गेलोच नाही. शाळा, कॉलेज, कामाला दांडी. ज्याला दांडी मारली ते ठिकाण चतुर्थीत: 'क्लासला दांडी मारली'.

टांग देणे किंवा टांग मारणे: येतो म्हणून सांगितलं, समोरचा थांबून राहिला, आणि आलो नाही. इथे वाट बघणारा माणूस लागतोच. 'त्यानं ऐन वेळी टांग दिली.' कुणी वाट बघत नसेल तर टांग होत नाही. 'सायकलवर टांग मारली' म्हणजे मात्र बसून निघालो, ते वेगळं.

कल्टी मारणे: आलो होतो, हजर होतो, आणि कुणाला न सांगता सटकलो. लग्नाला गेलोच नाही तर कल्टी नाही. जेवण झाल्यावर आहेर द्यायच्या रांगेतून गुपचूप निसटलो तर कल्टी.

जुनी सोंगटी

पोबारा राहिला की! पोबारा करणे हा कल्टीचा आजोबा. सोंगट्यांच्या खेळातल्या दानाचं नाव. आता वर्तमानपत्रात चोर पोबारा करतात, गप्पांत कुणी करत नाही.

खाडीकाठ

हो, आणि एक फरक. पोबाऱ्यात बहुतेक वेळा काहीतरी घेऊन पळतात. कल्टीत हात रिकामे असले तरी चालतात.

उपधा

शब्दखिळा, विभक्तीबरोबर लिंगाचाही रकाना घाला. त्याशिवाय पुढचा प्रकार समजावताच येणार नाही.

'त्याची जिरली.' काय जिरली? मस्ती, रग, मिजास. तिन्ही नामं स्त्रीलिंगी. नाम गळून पडलं, पण त्याचं लिंग क्रियापदात आणि 'त्याची'मध्ये राहिलं. म्हणून पुरुषाबद्दल बोलतानाही 'त्याचा जिरला' होत नाही. सकर्मक रूप जिरवणे: 'चांगली जिरवली त्याची.'

'त्याची टरकली', 'त्याची तंतरली' हेही याच घरातले. इथे गळालेलं नाम कोणतं हे बोलणाऱ्याच्या डोक्यात नसतंच, तरी स्त्रीलिंग पक्कं आहे. दोन्हींचा अर्थ घाबरगुंडी उडणे. ('घाबरगुंडी' स्त्रीलिंगी आहे हे लक्षात ठेवलं तर चूक होत नाही.)

आता विभक्ती बदलली की काय होतं ते पाहा. दारूच्या बाबतीत 'त्याला चढली', पण 'त्याची उतरली'. चढताना चतुर्थी, उतरताना षष्ठी. 'त्याची चढली' म्हटलं की ऐकणारा लगेच ओळखतो की बोलणारा नवखा आहे.

आणि सगळ्यात जपायची जागा म्हणजे तेच क्रियापद नपुंसकलिंगात:

'दोघांचं वाजलं': भांडण झालं.
'त्याची वाजली': त्याचे हाल झाले.
'दोघांचं फाटलं': संबंध बिघडले. हे आजीसमोरही चालतं.
'त्याची फाटली': तो घाबरला. हे आजीसमोर अजिबात चालत नाही.

एका अनुस्वाराचा आणि एका वेलांटीचा फरक आहे. 'जमलं', 'बिनसलं', 'फिस्कटलं' ही सगळी माणसामाणसांतली प्रकरणं नपुंसकलिंगी आहेत.

नवखी_वाचक

'त्याची फाटली'ला सभ्य पर्याय कोणता? संवाद लिहिताना अडतं.

उपधा

'टरकली' सगळ्यांत सुरक्षित. 'तंतरली' थोडं हलकंफुलकं. पात्र वयस्कर असेल तर 'पाचावर धारण बसली' किंवा 'तोंडचं पाणी पळालं'. विशीतल्या मुलाच्या तोंडी 'पाचावर धारण' घातलीत तर तो मुलगा वाटणार नाही, पाठ्यपुस्तक वाटेल.

पारावरचा

'च्यायला' आणि 'आयला'चंही एकदा स्पष्ट लिहा. सर्रास वापरतात म्हणून नवी माणसं त्यांना नुसता उद्गार समजतात. 'च्यायला' म्हणजे '...च्या आईला'चा उरलेला तुकडा. पुढची शिवी गळाली, मागचा 'तुझ्या' किंवा 'त्याच्या'सुद्धा गळाला. झिजून धार गेली आहे हे खरं, पण वडीलधाऱ्यांसमोर, वर्गात, मुलाखतीत नाही चालत. आश्चर्य, वैताग, कौतुक तिन्हींला चालतो आणि वाक्याच्या सुरुवातीलाच येतो. सौम्य हवा असेल तर 'अरेच्चा' किंवा 'अरे देवा' वापरा.

मीटरबॉक्स

घोळ, लोचा, झोल, राडा. चारही 'गडबड' म्हणून लिहिले जातात. माझी वर्गवारी अशी.

घोळ: कुणाचा हेतू नाही, गोंधळ आहे. 'तारखांचा घोळ झाला.' पण 'घोळ घालणे' म्हणजे निर्णय न घेता रेंगाळणे: 'दोन साड्यांत तासभर घोळ घातला.' होणे आणि घालणे यांत अर्थच बदलतो.

लोचा: चालू कामात अचानक आलेली अडचण. 'जरा लोचा झालाय.' मुंबईकडून पसरला.

झोल: मुद्दाम केलेली, लपवलेली गफलत. 'हिशोबात झोल आहे.' मूळ अर्थ ताणलेल्या वस्तूला पडलेला सैलपणा. खांबांमधली वीजतार मध्ये लोंबते तो झोल. हिशोब ताठ दिसायला हवा आणि मध्येच कुठेतरी सैल लागतो, म्हणून शब्द इतका चपखल बसला. झोल 'असतो', 'करतात', 'मारतात'. चुकून झालेल्या बेरजेला झोल म्हणू नका, तो आरोप होतो.

राडा: मारामारी, तोडफोड. पण गावाकडे राडा म्हणजे चिखल, रेंदा. गोठ्यापुढे राडा होतो. पोरांनी खेळणी पसरली की 'घरभर राडा केलाय' म्हणतात तो मधला अर्थ.

पंचगंगा

मीटरबॉक्स, आमच्याकडं ह्या सगळ्याला एकच शब्द पुरतो: इस्कोट. 'सगळा इस्कोट केलास मर्दा.' झालेलं काम विस्कटलं, बेत फिसकटला, भाजी बिघडली, सगळ्याला चालतो.

कोल्हापूरचा 'नाद खुळा' बाहेर फार चुकीचा वापरतात. नाद म्हणजे ध्यास, खुळा म्हणजे वेडा. हे विशेषण नाही, दाद आहे. 'नाद खुळा पिक्चर' असं मागं नाम लावून बोलत न्हाईत. आधी पिक्चरचं सांगायचं, मग थांबायचं आणि म्हणायचं, 'नाद खुळा!' विशेषण हवं असंल तर 'लय भारी' आहे की. हेच 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी'चं, वाक्याच्या पोटात कोंबायचं न्हाई, सुटं म्हणायचं.

आणि 'की' बघा. पुण्यात 'ये ना', आमच्यात 'ये की'. 'ना'मध्ये आर्जव आहे. 'की'मध्ये आर्जव न्हाई, 'त्यात विचारायचं काय' असा हक्क आहे. म्हणून पाहुण्याला 'जेवा की' म्हणतात आणि ते उद्धट वाटत न्हाई.

अजून एक. कोल्हापुरी मुलगी 'मी आलो', 'मी जातो' म्हणते. ती चूक न्हाई, बोली आहे. संवाद लिहिताना कुणी 'सुधारू' नका.

वऱ्हाडी ठेचा

'ये की' ऐकून आमच्याकडचा माणूस म्हणन, "येऊन राहिलो ना बे!"

हे 'राहिलो' समजून घ्या राजेहो. नागपूर-अमरावतीकडे चालू काळ असाच होतो. 'काय करून राहिला?' म्हणजे काय करतो आहेस. पुण्या-मुंबईचा माणूस याचा अर्थ 'करायचं राहिलं' असा घेते आन् गोंधळते. पुढचं क्रियापद ऊन-रूपात, मंग राहणे: खाऊन राहिली, पाऊस येऊन राहिला.

'बे' फक्त बरोबरीच्याला किंवा लहानाला. 'तुम्ही' आन् 'बे' एका वाक्यात कधीच येत नाही. बाईमाणसाशी बोलताना 'वं'. मुंबईच्या टपोरी बोलीतला 'अबे' आन् आमचा 'बे' एक धरू नका. आमच्या 'बे'त भांडण नसते, भांडण असलं तर आवाजावरून समजते.

बाकी यादीसाठी: पोट्टा, पोट्टी, पोट्टे (पोरगं-पोरी), बह्याड आन् भैताड (वेडगळ), काहून (का), हाव (हो).

गजालीकार

कोकणातला 'मेल्या' घ्या त्यात. मरणे या क्रियापदाचं रूप, म्हणून लिंग बदलतं: मेला, मेली, मेलं. हाक मारताना 'मेल्या' आणि 'मेले'. 'मेल्या, हंय कधी इलंस?' यात माया आहे. तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना 'तो मेला' मात्र वैतागानं येतं. निर्जीव वस्तूलाही लागतं: 'मेलं कुलूपच उघडत नाही.' लहानांनी मोठ्यांना कधी म्हणायचं नाही.

नवखी_वाचक

हे सगळं प्रांताप्रांतानुसार बदलत असेल तर एकच नोंद कशी करणार? प्रत्येक जिल्ह्याची वेगळी यादी लागेल.

मीटरबॉक्स

आकड्यांपासून सुरुवात करा, ते सगळीकडे सारखे आहेत.

छत्तिसाचा आकडा: देवनागरीत ३६ लिहून बघा. ३ चं तोंड डावीकडे, ६ चं उजवीकडे, पाठीला पाठ. म्हणून वैर. उलटं ६३ लिहिलं की समोरासमोर येतात. शिकणाऱ्याला हा आकडा देवनागरीत हातानं काढायला लावा, नुसता अर्थ सांगून डोक्यात राहत नाही. वापर: 'दोघांत छत्तिसाचा आकडा आहे.' माणसं दोन हवीत.

चारसोबीस: १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम ४२०. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली. बोलीत ४२० तसाच आहे. माणसाला विशेषण म्हणून लागतो, 'चारसोबीसी' हे त्याचं कर्तृत्व.

एक नंबर आणि दोन नंबर: इथे हमखास फसगत होते. 'एक नंबर' म्हणजे उत्तम. 'दोन नंबर' म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं उत्तम नव्हे, बेकायदा. 'दोन नंबरचा पैसा', 'दोन नंबरचा धंदा'.

छप्पन, सतरा, सतराशे साठ: मोजायचे नसतात, 'खूप' एवढाच अर्थ. पण जागा ठरलेल्या आहेत. 'सतरा वेळा सांगितलं', 'असे छप्पन पाहिलेत', 'सतराशे साठ भानगडी'. 'छप्पन वेळा सांगितलं' चालून जाईल, 'सतराशे साठ वेळा सांगितलं' कानाला खटकतं.

जुनी सोंगटी

सोळा आणे विसरलात. रुपयाचे सोळा आणे, म्हणून 'सोळा आणे खरं' म्हणजे पूर्ण खरं. 'डोक्यानं चार आणे कमी' म्हणजे पाव भाग उणा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तेव्हापासून हिशोबातून आणे गेले. पंचवीस पैशाच्या नाण्याला लोक तरीही चार आणेच म्हणत राहिले, तेही जून २०११ च्या अखेरीला चलनातून गेलं. शब्द अजून शिल्लक आहे. तरुण पोरं 'चार आणे कमी' म्हणतात, पण किती आण्यांतून चार कमी, हे विचारलं तर गप्प बसतात.

खाडीकाठ

नव्या नाण्यांत पेटी आणि खोका घाला. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. मुंबईच्या धंद्यातले शब्द. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा दिली आणि खोका खेड्यापाड्यांत पोचला.

उपधा

यात एक गंमत आहे. लाकडाचं खोकं नपुंसकलिंगी, अनेकवचन खोकी. कोटीचा खोका पुल्लिंगी, अनेकवचन खोके. 'पन्नास खोकी' म्हटलं की आंब्याची समजायची.

पारावरचा

शब्दखिळा, तुमचा क्रियापदाचा मुद्दा 'खाणे'वर फार चांगला पटतो. माणूस मराठीत काय काय खातो बघा.

भाव खाणे: आपलं महत्त्व वाढवून घेणे, आढेवेढे घेणे. याच्या उलट बाजूला 'भाव देणे', म्हणजे किंमत देणे, लक्ष देणे. 'तो भाव खातो, म्हणून कुणी त्याला भाव देत नाही.'

डोकं खाणे: सतत बोलून त्रास देणे.

माती खाणे: मोक्याच्या क्षणी चूक करणे. खेळाडू शेवटच्या षटकात सोपा झेल सोडतो, तेव्हा तो माती खातो.

शेण खाणे: नीतीची चूक करणे. झेल सोडणाऱ्यानं माती खाल्ली, पैसे घेऊन सोडला असेल तर शेण खाल्लं. दोन्ही एकच समजून लिहिलेलं अनेकदा दिसतं, पण दुसरा शब्द माणसाच्या चारित्र्यावर जातो.

कच खाणे: ऐन वेळी हिंमत सोडणे. चूक करायचीही वेळ येत नाही, आधीच माघार.

कंदील

मग 'डोक्यात'चंही करा.

डोक्यात शिरणे: समजणे.
डोक्यावरून जाणे: न समजणे.
डोक्यात जाणे: संताप येणे. 'तो माझ्या डोक्यात जातो.' षष्ठी त्रास होणाऱ्याला, कर्ता त्रास देणारा.
डोक्यात हवा जाणे: गर्व होणे.

शिरणे आणि जाणे यांची अदलाबदल केली तर 'गणित माझ्या डोक्यात जातं' होतं. शिकणाऱ्याला म्हणायचं असतं की गणित समजतं, ऐकू येतं की गणिताचा राग येतो.

गजालीकार

शब्दांइतकीच रोजची वाक्यंही अडतात. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा सभ्य नकार. 'बघतो' म्हणाला तर थोडी आशा आहे, 'करतो' म्हणाला तर काम होईल. 'कसचं काय!' म्हणजे झालं नाही. आणि 'शहाणा आहेस' हे खाली उतरत्या आवाजात आलं तर कौतुक, 'शहाणाच आहेस' म्हटलं की नाही. एका 'च'नं पारडं फिरतं. अर्धा आणखी जोडून दीडशहाणा केलं की मग आवाज कसाही असो, कौतुक नाहीच.

शब्दखिळा

फार कामाचं मिळालं. नवखी_वाचक, तुमच्या प्रश्नावर असं करतो: जिल्हावार यादी नको, शब्दाच्या नोंदीतच प्रांत. आतापर्यंतच्या चर्चेवरून रकाने सहा केलेत: क्रियापद, विभक्ती, लिंग, प्रसंग, कुणासमोर, प्रांत. तीन नोंदी करून बघितल्या.

वाट. लागणे (आपोआप), लावणे (कुणीतरी). षष्ठी. स्त्रीलिंग. प्रसंग: पुरतं नुकसान, हाल. घरात चालतो, औपचारिक नाही. सर्वत्र. धोका: 'वाट पाहणे' शेजारीच आहे. 'मी तुमची वाट लावतो' म्हणणाऱ्याला बहुधा 'पाहतो' म्हणायचं असतं. 'वाटेला जाणे' (कुरापत काढणे) आणि 'वाटेला लावणे' (घालवून देणे) वेगळे.

गंडणे. कर्ता माणूस असेल तर फसणे ('मी गंडलो'), वस्तू असेल तर बिघडणे ('पेपर गंडला'). लिंग कर्त्याप्रमाणे. गंडवणे फक्त माणसाला, पेपर गंडवता येत नाही. वर्तमानपत्रात 'गंडा घालणे', तिथे रक्कम सोबत येते: 'पाच लाखांचा गंडा घातला'. कुठेही चालतो.

आगाऊ. विशेषण. माणसाला लागलं तर नको तिथे पुढे पुढे करणारा, रकमेला लागलं तर आधी दिलेली. रूप बदलत नाही: आगाऊ मुलगा, आगाऊ मुलगी, आगाऊ पोरं.

उपधा

आगाऊ बरोबर. 'चालू'ही तसाच: चालू माणूस, चालू बाई, चालू खातं. फक्त माणसामागे लागला की धूर्त.

पण सहा रकान्यांत अजून एक गोष्ट बसत नाही. भूतकाळात कर्त्याला 'ने' लागतो की नाही? 'तो गंडला', पण 'त्यानं माती खाल्ली', 'त्यानं दांडी मारली'. मारणे, खाणे, देणे असलेल्या सगळ्या प्रयोगांत 'ने' लागणार आणि क्रियापद दांडी-माती-टांगेप्रमाणे चालणार. 'तो कल्टी मारला' हे मोबाइलवरच्या संदेशांत वरचेवर दिसतं.

वऱ्हाडी ठेचा

आन् वाटच्या नोंदीत प्रांत 'सर्वत्र' लिहिलं ते ठीक, पण खाली आमचं वाक्य टाकजा: 'वाट लागून राहिली.' अजून पूर्ण लागली नाही, लागणं चालू आहे. हे तुमच्या 'लागली'त सांगता येत नाही.

शब्दखिळा

टाकतो. कर्त्याच्या 'ने'चा सातवा रकाना केला. पोपटच्या नोंदीत तिथे आता असं आहे: होणे, 'ने' नाही, करणे, 'ने' हवा.